साऊंडगार्डन: सैल केलेली सहावी तार, सात मात्रा आणि सिएटल

खर्जपंचम

सिएटलच्या ग्रंजवर (तिथून आलेला जाड, खरखरीत गिटारींचा रॉक) मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा निर्वानापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. निर्वानाचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण १९९१ मध्ये तो बँड ज्या वाटेने घराघरांत पोचला, ती वाट साऊंडगार्डनने आधीच पाडून ठेवली होती. आज गिटार खाली लावून वाजवणारी पोरं जी हत्यारं वापरतात त्यांतलीही बरीचशी या चौघांनी लोकप्रिय गाण्यांत आणली. त्यासाठी हा धागा.

आधी बँड कसा उभा राहिला ते. किम थायिल, हिरो यामामोतो आणि ब्रूस पॅव्हिट हे तिघे इलिनॉयमधल्या पार्क फॉरेस्टचे. १९८१ मध्ये तिथून वॉशिंग्टन राज्यात आले. पॅव्हिटने पुढे 'सब पॉप' ही तबकड्यांची कंपनी काढली. थायिल (गिटार) आणि यामामोतो (बास) यांनी १९८४ मध्ये ख्रिस कॉर्नेलला घेऊन साऊंडगार्डन सुरू केला. सुरुवातीला कॉर्नेल ड्रम वाजवत गायचा. गाणाऱ्याने पुढे यावं म्हणून स्कॉट सनक्विस्टला ड्रमवर घेतलं आणि १९८६ मध्ये 'स्किन यार्ड'मधून मॅट कॅमेरॉन आला. बँडचं नाव सिएटलच्या मॅग्नुसन पार्कजवळच्या एका शिल्पावरून घेतलंय. वारा सुटला की तिथल्या उंच नळ्या वाजतात.

१९८६ च्या मार्चमध्ये 'डीप सिक्स' हा संग्रह आला. त्यात साऊंडगार्डनबरोबर मेल्व्हिन्स, ग्रीन रिव्हर, मालफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन होते. तो फार खपला नाही, पण 'सिएटलचा आवाज' म्हणून पुढे जे ओळखलं गेलं ते पहिल्यांदा एका तबकडीवर आलं ते इथंच. पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. जोनाथन पोनमनला साऊंडगार्डनची तबकडी काढायची होती. पॅव्हिटकडे सब पॉप हे नाव होतं, पैसा नव्हता. थायिलने दोघांना एकत्र यायला सुचवलं. पोनमनने २०,००० डॉलर घातले आणि १९८७ मध्ये 'हंटेड डाउन' ही सिंगल आणि मग 'स्क्रीमिंग लाइफ' ही ईपी (चार-सहा गाण्यांची छोटी तबकडी) निघाली. म्हणजे ज्या कंपनीने पुढे निर्वानाचा पहिला अल्बम काढला, ती धडपणे चालू झाली तीच या बँडची तबकडी काढायला.

'स्क्रीमिंग लाइफ' जॅक एंडिनोने रेसिप्रोकल स्टुडिओत ८ ट्रॅकांच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. ८ ट्रॅक म्हणजे काय ते घरी मुद्रण करणाऱ्यांच्या लक्षात येईल. ड्रमला तीन-चार, बासला एक, गिटारला दोन, उरलेले गाण्याला. ड्रमचे माइक आधीच एकत्र करून टेपवर उतरवावे लागतात आणि नंतर स्नेअर (कडक आवाजाचा मधला ड्रम) वर-खाली करता येत नाही. म्हणून खोलीत जो आवाज आहे तोच आधी नीट लावायचा. त्या काळच्या सिएटलच्या तबकड्या अजूनही समोर वाजतायत असं वाटतं त्यात या मर्यादेचा मोठा वाटा आहे.

पुढचं थोडक्यात. १९८८ मध्ये एसएसटी या छोट्या कंपनीकडून 'अल्ट्रामेगा ओके', त्याला ग्रॅमी नामांकन. १९८९ मध्ये ए अँड एम या मोठ्या कंपनीकडून 'लाउडर दॅन लव्ह'. मोठ्या कंपनीशी करार करणारा सिएटलच्या या मंडळींतला हा पहिला बँड. यामामोतो बँड सोडून गेला, बासवर मधे काही काळ जेसन एव्हरमन (निर्वानाच्या 'ब्लीच'चा खर्च दिलेला तोच) आणि १९९० मध्ये बेन शेपर्ड. ८ ऑक्टोबर १९९१ ला 'बॅडमोटरफिंगर', 'नेव्हरमाइंड'नंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. ८ मार्च १९९४ ला 'सुपरअननोन', पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डवर पहिला. १९९६ मध्ये 'डाउन ऑन द अपसाइड', ९ एप्रिल १९९७ ला बँड मोडला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र, २०१२ मध्ये 'किंग अ‍ॅनिमल'. १८ मे २०१७ ला डेट्रॉइटमधल्या कार्यक्रमानंतर कॉर्नेल गेला. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं.

माझं म्हणणं एवढंच की या बँडचा खरा वारसा वाजवण्याच्या रीतीत आहे. तारा वेगळ्या लावायच्या, मात्रा विषम ठेवायच्या आणि वरून गाणं इतकं सरळ गायचं की ऐकणाऱ्याला दोन्हींचा पत्ता लागू नये. वाजवणाऱ्यांनी तपशील घालावेत.

मध्यलय

उत्तम धागा. मात्रांचं मी घेतो.

'आउटशाइन्ड'चं कडवं ७/४ मध्ये आहे, धृपद ४/४ मध्ये. 'स्पूनमन'चा मुख्य रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) ७ चा. 'फेल ऑन ब्लॅक डेज' ६/४. 'माय वेव्ह'च्या कडव्यात ५, धृपदात ४. 'द डे आय ट्राइड टु लिव्ह'मध्ये ७ आणि ८ आलटून पालटून, म्हणजे १५ चं आवर्तन.

आपल्याकडचा माणूस ७ म्हटलं की रूपक धरतो आणि इथं फसतो. रूपकात विभाग ३+२+२, आणि पहिलीच मात्रा खाली, 'तिं'. 'आउटशाइन्ड' मोजायचा ४+३ असा, आणि पहिल्या मात्रेवर सगळं वजन. रूपकाचा ठेका मनात ठेवून वाजवलंत तर जोर चौथ्या मात्रेवर जातो आणि रिफ लंगडतो. तसंच 'ब्लॅक डेज'चे ६ दादऱ्याचे ३+३ नव्हेत.

बसवायची रीत: मेट्रोनोम ६० वर ठेवा, पहिल्या टिकेवरचा वेगळा आवाज बंद करा. तोंडाने 'एक दोन तीन चार, एक दोन तीन' म्हणा, टाळी फक्त दोन्ही 'एक'वर. हे न अडखळता दोन-तीन मिनिटं चाललं की मगच गिटार हातात घ्या. ६० वरून ७०, ८० असं चढवा. हमखास होणारी चूक म्हणजे आठवी मात्रा. बँडमधलं कुणीतरी आवर्तनाच्या शेवटी नकळत एक मात्रा थांबतं, कारण कानाला चारचे गट पुरे करायची सवय असते. तो थांबणारा बहुतेक वेळा ड्रमर असतो, कारण २ आणि ४ वर स्नेअर मारायची हाताला सवय. स्नेअर तशीच पुढे चालू ठेवली तर दुसऱ्या आवर्तनात ती १, ३, ५, ७ वर येते आणि १४ मात्रांनी पुन्हा जागेवर. ही उलटापालट मुद्दाम हवी असेल तर १४ चं एक आवर्तन धरा. नको असेल तर प्रत्येक 'एक'वर बास ड्रम ठाम ठेवा.

थायिलने सांगितलेलं आहे की ते ताल आधी ठरवत नसत. गाणं तयार व्हायचं आणि मोजणी मागून. ते ऐकताना पटतं. कॉर्नेलची ओळ आवर्तनाच्या रेषेवर तुटत नाही, ती रेघ ओलांडून पुढच्या समेपलीकडे जाते. मोजत बसणारे बँड इथंच उघडे पडतात. त्यांचं गाणंही ७ ला तुटतं.

सहावी_तार

+१. आता तारा. आधी कुठलं गाणं कसं लावलंय ते, सहाव्या (सर्वांत जाड) तारेकडून पहिलीकडे. नेहमीची लावणी ई-ए-डी-जी-बी-ई:

'आउटशाइन्ड', 'स्पूनमन', 'ब्लॅक होल सन': डी-ए-डी-जी-बी-ई, म्हणजे ड्रॉप डी.
'रस्टी केज': बी-ए-डी-जी-बी-ई. फक्त सहावी तार ई वरून थेट बी वर.
'प्रेटी नूस', 'बर्डन इन माय हँड', 'हेड डाउन': सी-जी-सी-जी-जी-ई.
'लाइक सुइसाइड': डी-जी-डी-जी-बी-सी.
'माय वेव्ह', 'द डे आय ट्राइड टु लिव्ह': ई-ई-बी-बी-बी-बी.
'माइंड रायट': सहाही तारा ई. पर्ल जॅमच्या जेफ अ‍ॅमेंटने गमतीत काढलेल्या कल्पनेवरून हे गाणं झालं.

ड्रॉप डी या मंडळींकडे मेल्व्हिन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून आलं आणि 'नथिंग टु से'मध्ये ते पहिल्यांदा नीट दिसतं.

बाजारात मिळणारा नेहमीचा संच .०१० ते .०४६ इंच जाडीचा. तार जितकी उतरवाल तितका ताण झपाट्याने कमी होतो. ई वरून डी केली तर सुमारे २१ टक्के, सी केली तर ३७ टक्के आणि बी केली तर ४४ टक्के. .०४६ ची तार बी वर नेली की ती फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फडफडते, आणि जोरात छेडली की सूर आधी वर जाऊन मग खाली बसतो. ताण पूर्वीइतका हवा तर डी साठी .०५२, सी साठी .०५८ आणि बी साठी .०६० ते .०६२ लागते. हे 'अंदाजे जाड' घेऊन चालत नाही, मोजून घ्या. सुट्ट्या तारा बहुतेक चांगल्या दुकानांत मिळतात.

सी-जी-सी-जी-जी-ई मध्ये लोक सहाव्या तारेची काळजी घेतात आणि दुसरी विसरतात. तीही बी वरून जी वर, चार अर्धस्वर उतरते. .०१३ ची तार तिथं रबरासारखी लोंबते. तिसऱ्या जागेची .०१७ ची साधी तारच दुसऱ्या जागी लावा. तिसरी आणि दुसरी दोन्ही एकाच जी वर असतात, जाडीही एक, मग दोन्हींचा मिळून जो किंचित थरथरता जी येतो तीच त्या गाण्यांची चमक आहे. त्या दोन तारा विजेच्या ट्यूनरवर अगदी तंतोतंत लावल्या तर ती चमक जाते. एक लावून घ्या, दुसरी कानाने जुळवा.

बारावा_फ्रेट

@सहावी_तार, तारा बदलल्यावर गिटारचं पुढचं काम राहतं, ते भरतो.

नटची (मानेच्या टोकाची, तारा अडवणारी पट्टी) खाच .०४६ साठी कापलेली असते. .०६० तिच्यात बसत नाही, वर तरंगते, आणि मोकळी तार ठीक वाजली तरी पहिल्या फ्रेटवर सूर चढा येतो. दुसऱ्या तारेच्या खाचेत .०१७ अडकते आणि खुंटी फिरवताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो. तो 'टिंग' ऐकू आला की दोष खुंटीत नसून खाचेत आहे. खाच बारीक कानशीने रुंद करायची, खोल करायची नाही. नुसतंच अडकत असेल तर शिसपेन्सिलीचं शिसं पुरतं.

मग मान. तारा सैल झाल्या की मान मागे सरळ होते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवं. अजिबात नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा सैल करा, तासभर थांबा, पुन्हा मोजा. एका दमात अर्धा-एक फेरा फिरवू नका. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड आपलं आपण हलत असतं, तेव्हा हे मोजमाप ऋतू बदलला की परत.

शेवटी ब्रिज. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरा असेल तर पुढे. जाड तारेला सॅडल नेहमी मागे लागतं, आणि काही ब्रिजवर तेवढी जागाच नसते. अशा वेळी .०६० ऐवजी .०५६ वर समाधान मानावं.

नवी_सुरावट

छान माहिती. दोन शंका. फ्लॉइड रोझ (स्प्रिंगांवर तरंगणारा) ब्रिज असलेल्या गिटारवर हे जमेल का? आणि 'रस्टी केज' बी मध्ये लावल्यावर नेहमीचा पॉवर कॉर्डचा (षड्ज-पंचमाचा) हात लागतच नाही, तो कसा धरायचा?

सहावी_तार

@नवी_सुरावट, फ्लॉइड रोझवर एक तार उतरवली की मागच्या स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. त्या खाली आणेपर्यंत सहावी पुन्हा हललेली असते. ब्रिजच्या मागे लाकडाची चिप घालून तो पक्का केला तर जमतं. नाहीतर एकच गाणं, एकच ट्यूनिंग, एक गिटार असं ठरवा. हे बँड मंचावर एवढ्या गिटारी घेऊन येत त्याचं कारण हेच.

दुसरी शंका रास्त आहे. सहावी बी आणि पाचवी ए यांत पंचमाहून मोठं अंतर आहे. सहाव्या तारेवर ज्या फ्रेटवर बोट, त्याच्या तीन फ्रेट मागे पाचव्या तारेवर पंचम मिळतो. म्हणजे तिसऱ्या फ्रेटच्या खाली तो सापडतच नाही. वरचं सप्तक दोन फ्रेट पुढे मिळतं: सहावी ३ वर तर पाचवी ५ वर. सप्तकाचा हा हात सोपा आहे, तोच घोटा. मोकळी बी घुमत ठेवून वरच्या तारांवर रिफ चालवायचा.

'रस्टी केज'च्या सुरुवातीचा जो कोंडलेला, उलट्या टेपसारखा आवाज आहे तो वा पेडलचा (आवाजाचा ठरावीक पट्टा उठवणारं, पायाने हलवायचं पेडल). पेडल हलवलेलं नाही, टाचेकडच्या खालच्या टोकाला ठेवून गाळणीसारखं वापरलंय. तिथं साधारण ४०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा उठून येतो आणि वरचं सगळं कापलं जातं. वा पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवा. नंतर ठेवलं तर नुसता भोंगा येतो.

खर्जपंचम

यात डिस्टॉर्शनबद्दल एक भर. मोकळी ई ८२ हर्ट्झची, सी ६५ ची, बी ६२ ची. जेवढं खाली जाल तेवढं गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) कमी करा. नवशिके नेमकं उलट करतात, आवाज जाड हवा म्हणून गेन वाढवतात आणि सगळा चिखल होतो. खालचे सूर डिस्टॉर्शनमध्ये शिरले की वरचे गिळतात. १०० हर्ट्झखालचं डिस्टॉर्शनच्या आधीच थोडं कापा आणि तळ बास गिटारला सोडा. शेपर्डचा बास बारकाईने ऐका, जाडपणा बराचसा तिथून येतोय.

थायिलची गिटार म्हणजे गिल्ड एस-१००. तिच्या ब्रिज आणि टेलपीसमध्ये तारांचा बराच लांब तुकडा मोकळा राहतो, आणि तो ब्रिजच्या मागे तिथं छेडतो. अँप मोठा असेल तर तिथून काचेसारखे किणकिणणारे सूर निघतात. स्ट्रॅटोकास्टरवर ही जागाच नसते, तेव्हा तिथं शोधत बसू नये.

परदेशस्थ

थायिलचे आईवडील केरळचे ना? मग त्यांच्या संगीतात घुमणारा आधारस्वर आणि पूर्वेकडचा रंग येतो तो त्याच्यामुळे, असं अनेक ठिकाणी वाचलंय.

खर्जपंचम

@परदेशस्थ, आईवडील केरळचे, तो स्वतः सिएटलमध्ये जन्मला, इलिनॉयमध्ये वाढला. आडनावावरून संगीत ठरवू नये. 'सुपरअननोन'मध्ये ज्या दोन गाण्यांत तो रंग स्पष्ट ऐकू येतो, 'हेड डाउन' आणि 'हाफ', ती दोन्ही बेन शेपर्डची. 'हाफ' तर गायलंयही त्यानेच. आधारस्वर घुमतो तो ट्यूनिंगमुळे. सी-जी-सी-जी-जी मध्ये पाच तारा षड्ज-पंचमातच आहेत, मोकळ्या सोडल्या की तंबोऱ्यासारखं काहीतरी आपोआप होतं. भारतीय वंशाचा गिटारवादक अमेरिकन रॉकच्या इतक्या वरच्या पायरीवर आहे याचा आनंद मलाही आहे, पण त्याला मान द्यायचा तो त्याच्या खरखरीत, वेड्यावाकड्या सोलोंसाठी.

काळा_सूर्य

'ब्लॅक होल सन'च्या गिटारबद्दल कुणीच लिहिलं नाही. तो डुलणारा आवाज कोरस पेडलचा नाही, लेस्ली स्पीकरचा आहे. लेस्लीत पेटीच्या आत भाग प्रत्यक्ष फिरतो, त्यामुळे सूर, जोर आणि दिशा तिन्ही एकदम बदलतात. कोरसमध्ये फक्त सूर हलतो, म्हणून तो लावून वाजवलं की गाणं बेसूर वाटतं पण डुलत नाही.

लेस्ली घरात कोण ठेवणार? फिरत्या स्पीकरची नक्कल करणारं रोटरी पेडल घ्या. वेग सेकंदाला सहा-सात फेऱ्या, खोली मध्यम. गिटारचा आवाज स्वच्छ, जरासा फुटण्याच्या बेतात. पेडलनंतर डिस्टॉर्शन नको, डुलणं दबतं. धृपदातली जाड गिटार वेगळ्या ट्रॅकवर, रोटरीशिवाय. एकाच गिटारने दोन्ही करणाऱ्या बँडचं धृपद पातळ होतं, कारण पेडल बंद करायला पायाला उशीर होतो आणि पहिला कॉर्ड डुलतच येतो.

मध्यलय

प्रभावाचा मुद्दा राहिला. 'सुपरअननोन' निर्माता मायकल बाइनहॉर्नबरोबर सिएटलच्या बॅड अ‍ॅनिमल्स स्टुडिओत झाला, मिश्रण ब्रेंडन ओ'ब्रायनचं. अमेरिकेत ५० लाखांवर प्रती गेल्या, 'स्पूनमन' आणि 'ब्लॅक होल सन' दोघांना १९९५ मध्ये ग्रॅमी. सात मात्रांचं गाणं, त्यात आर्टिस नावाचा रस्त्यावरचा कलाकार चमचे वाजवतोय, कॅमेरॉन भांडी वाजवतोय, आणि ते रेडिओवर दिवसभर लागतंय! हे आधी फारसं घडलं नव्हतं. १९९६ मध्ये जॉनी कॅशने 'रस्टी केज' आपल्या पद्धतीने गायलं. साध्या तालात. तेव्हा कळलं की एवढ्या गोंगाटाखाली गाणं म्हणून ते किती पक्कं होतं.

कॅमेरॉन १९९८ पासून २०२५ पर्यंत पर्ल जॅममध्ये होता. कॉर्नेलने ऑडिओस्लेव्ह हा बँड केला. म्हणजे बँड मोडला तरी त्याचे हात आणि गळा दुसऱ्यांच्या तबकड्यांत वाजतच राहिले.

बारावा_फ्रेट

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी: 'अल्ट्रामेगा ओके' घेणार असाल तर २०१७ ची सब पॉपची आवृत्ती घ्या. मूळ मिश्रणावर बँड कधीच खूश नव्हता, नवं जॅक एंडिनोने केलंय आणि ड्रम शेवटी जागेवर आलेत. वाजवायला शिकणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: 'आउटशाइन्ड' (ड्रॉप डी आणि ७ एकदम), मग 'ब्लॅक डेज', मग 'बर्डन इन माय हँड'. 'द डे आय ट्राइड टु लिव्ह' सर्वांत शेवटी. तिथं ट्यूनिंगही वेगळं आणि १५ ही मोजायचे.

नवी_सुरावट

धन्यवाद सर्वांना. .०५८ आणि .०१७ च्या सुट्ट्या तारा मागवते. 'बर्डन'मध्ये दुसरी आणि तिसरी कानाने जुळवताना आधी कुठली लावायची?

सहावी_तार

तिसरी. ती मूळच्या जी वरच असते, हलवावी लागत नाही. दुसरी आधी जी च्याही खाली उतरवा आणि मग वर चढवत आणा. वरून खाली आणून थांबलात तर खाचेत अडकलेला ताण दोन कॉर्डनंतर सुटतो आणि ती पुन्हा उतरते.